भाडे किती येते, आणि उरते किती?

व्यापारात चार पैसे शिल्लक पडले की आपल्याकडे पहिला विचार येतो तो गाळा किंवा खोली घेण्याचा. भिवंडीचा यंत्रमागधारक असो, मालेगावचा सूत व्यापारी असो, की आखातात दहा वर्षे काढून कोकणात परतलेला कारागीर असो, सर्वांची समजूत एकच असते. जागा बुडत नाही, भाडे दर महिन्याला घरबसल्या येते आणि म्हातारपणाची सोय होते. ही समजूत अगदीच चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सुताचा एक एक पैशाचा भाव घासाघीस करून ठरवणारे आपले व्यापारी चाळीस लाखांचा गाळा घेताना मात्र कागदावर दोन ओळींचाही हिशेब मांडत नाहीत. म्हणून या लेखात आम्ही भाड्याच्या जागेचा हिशेब, करार, अनामत आणि कर या चार गोष्टी क्रमाने मांडत आहोत. नियम महाराष्ट्रातील आहेत. इतर राज्यांत ते वेगळे असू शकतात.

हिशेब कसा मांडावा?

समजा, एक गाळा ४० लाख रुपयांना मिळतो आणि त्याला महिना १८,००० रुपये भाडे येते. दलाल सांगतो, "वर्षाला दोन लाख सोळा हजार, म्हणजे साडेपाच टक्के सुटतात." आता हा हिशेब आपण स्वतः करून पाहू.

पहिली गोष्ट, गाळा ४० लाखांना पडत नाही. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरले तर २ लाख ४० हजार, नोंदणी फी ३० हजार, आणि वकील, दलाल, किरकोळ दुरुस्ती मिळून आणखी ३० हजार. म्हणजे आपले ४३ लाख रुपये गुंतले.

दुसरी गोष्ट, बाराही महिने भाडे येत नाही. एक भाडेकरू जातो, दुसरा येईपर्यंत जागा रिकामी राहते. वर्षाला सरासरी एक महिना रिकामा धरला तर १८,००० रुपये गेले. हाती आले १,९८,००० रुपये.

तिसरी गोष्ट, खर्च. मालमत्ता कर १६,००० रुपये, सोसायटीचा किंवा सामाईक देखभालीचा खर्च १२,००० रुपये, रंग, गळती, शटर, वायरिंग यांसाठी बाजूला काढायचे १५,००० रुपये, दलाली व करारनाम्याचा खर्च वर्षाच्या वाट्याला ८,००० रुपये. एकूण ५१,००० रुपये. उरले १,४७,००० रुपये.

४३ लाखांवर १,४७,००० म्हणजे ३.४ टक्के. साडेपाच टक्के नव्हेत. आपल्या गावी हे आकडे कमीजास्त असतील. वाचकांनी स्वतःचे आकडे घालावेत, पण हिशेबाची रीत हीच ठेवावी.

यावर कोणी म्हणेल की गाळ्याची किंमतही वाढते. खरे आहे. परंतु ती वाढ विकल्यावरच हाती येते. विक्रीच्या वेळी खरेदीदार मिळावा लागतो, आणि दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या जागेच्या नफ्यावर साधारणतः १२.५ टक्के आयकर लागतो. हा दर २३ जुलै २०२४ पासूनचा आहे. त्यापूर्वी घेतलेल्या जागेला महागाईचा हिशेब धरून २० टक्क्यांचा जुना मार्गही निवडता येतो. किंमत वाढेल ही आशा आहे, तिला उत्पन्नाच्या रकान्यात लिहू नये.

फिरते भांडवल गाळ्यात घालू नका

आमच्या मते सर्वांत मोठा धोका येथे आहे. यंत्रमागधारकाने किंवा दुकानदाराने आपल्या धंद्यातले पाच लाख काढून गाळ्यात घातले की त्याला सूत किंवा माल उधारीवर घ्यावा लागतो. उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा जास्तच असतो. समजा तो फक्त एक टक्का जास्त आहे आणि माल महिन्याला एकदा फिरतो. तर पाच लाखांच्या मालावर महिन्याला ५,००० आणि वर्षाला ६०,००० रुपये जादा गेले. तेच पाच लाख गाळ्यात ३.४ टक्क्यांनी मिळवतात १७,००० रुपये. म्हणजे भाडे घेणारा हा मालक प्रत्यक्षात वर्षाला ४३,००० रुपयांच्या तोट्यात आहे. भाडे हातात पडताना दिसते, तोटा मात्र सुताच्या बिलात लपलेला असतो.

शिवाय मंदी आली तर गाळा आठ दिवसांत विकला जात नाही. कामगारांचा पगार थकतो, माग बंद पडतात, आणि जागा हातात असूनही मालक उसनवारीला निघतो.

व्याजाच्या कर्जाने गाळा घेणाऱ्यांनीही हाच हिशेब पाहावा. व्याज हराम आहे हे आपण जाणतोच. तो प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी, ९ टक्के दराने ३० लाखांचे कर्ज घेतले तर पहिल्या वर्षीचे व्याजच सुमारे २ लाख ७० हजार होते. गाळ्यातून उरतात १ लाख ४७ हजार. बाकीचे सव्वा लाख घरातून भरावे लागतील, मुद्दल वेगळेच. जे दीनने मना केले ते येथे वहीही मना करते.

तेव्हा गाळा घ्यावा तो धंद्याची गरज भागून उरलेल्या पैशाने, आणि सहा महिन्यांचा घरखर्च व धंद्याचा खर्च हाताशी ठेवून.

करारनामा: अकरा महिन्यांचा गैरसमज

आपल्याकडे अजूनही कित्येक जागा तोंडी बोलीवर किंवा साध्या स्टॅम्प पेपरवर दिल्या जातात. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही," असे सर्रास सांगितले जाते. या समजुतीचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्यात सक्तीची नोंदणी नव्हती. पण महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे.

नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरे धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आता खर्च पाहा. लीव्ह अँड लायसन्स कराराची मुदत ६० महिन्यांपर्यंत असेल तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या वार्षिक १० टक्के रकमेवर पाव टक्का आहे. वरच्या उदाहरणातील गाळा ३३ महिन्यांसाठी, एक लाख अनामतीवर दिला, तर ५,९४,००० भाडे आणि २७,५०० अनामतीचे, मिळून ६,२१,५०० वर पाव टक्का म्हणजे सुमारे १,५५४ रुपये होतात. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५०० रुपये. अडीच हजार वाचवण्यासाठी त्रेचाळीस लाखांची जागा टांगणीला लावणे हा कुठला व्यापार?

मालकांची भीती जुनी आहे, हे आम्ही जाणतो. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांना संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला, आणि अनेकांच्या जागा कायमच्या अडकल्या. त्या आठवणीमुळे लोक कागद करायलाच भितात. परंतु आजच्या कायद्यात मालकाचे रक्षण नोंदणीकृत कागदच करतो. राहण्यासाठी दिलेल्या जागेची लायसन्सची मुदत संपूनही परवानाधारक जागा सोडत नसेल, तर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई घेता येते.

एक गोष्ट मात्र दुकानदार बंधूंनी लक्षात ठेवावी. कलम २४ चा हा जलद मार्ग फक्त राहत्या जागेला आहे. दुकान, गाळा, गोदाम यांसाठी नेहमीच्या न्यायालयातच जावे लागते. म्हणून धंद्याची जागा देताना माणूस पारखून घ्यावा. तो आधी कुठे होता, तिथले भाडे वेळेवर देत होता का, याची चौकशी करावी.

करारात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात: मुदत, भाड्याची तारीख, दरवर्षीची वाढ, अनामत परत करण्याची मुदत, वीज व पाणी कोण भरणार, जागेत कोणता धंदा चालेल, किती मशिनी बसतील, पोटभाडेकरू ठेवता येणार नाही, आणि कोणती दुरुस्ती कोणी करायची. विजेचा मीटर बहुधा मालकाच्या नावे असतो. भाडेकरूने बिल थकवले तर नोटीस मालकाला येते. म्हणून दर महिन्याला भरलेल्या बिलाची प्रत मागावी.

कागद मागणे म्हणजे अविश्वास, असे कित्येकांना वाटते, विशेषतः भाडेकरू नात्यातला किंवा मोहल्ल्यातला असेल तर. कुरआनच्या सूरह बकरामधील २८२वी आयत आठवावी. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद तिच्यात आहे, आणि कुरआनमधील सर्वांत मोठी आयत हीच आहे. लिहिल्याने नाते तुटत नाही. न लिहिल्याने तुटते.

हेवी डिपॉझिट हे उत्पन्न नव्हे, कर्ज आहे

मुंबई, ठाणे, भिवंडीकडे हेवी डिपॉझिटची पद्धत फार आहे. मालक दहा लाख रुपये घेतो, भाडे नाममात्र किंवा मुळीच नाही, आणि मुदत संपल्यावर दहा लाख परत करायचे. मालकाला वाटते, मोठी रक्कम एकदम हाती आली. भाडेकरूला वाटते, फुकट राहिलो. दोघांनीही दोन गोष्टींचा विचार करावा.

पहिली गोष्ट दीनची. अनेक उलमांचे मत असे आहे की परत करायची रक्कम हे कर्ज आहे, आणि कर्जाच्या मोबदल्यात जागेचा फायदा घेणे हा व्याजाचाच प्रकार होतो. ज्यांनी असा व्यवहार केला आहे किंवा करणार आहेत त्यांनी आपल्या येथील आलिमांना विचारून घ्यावे. रास्त भाडे आणि दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, हा साधा मार्ग सर्वांनाच मोकळा आहे.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. ते दहा लाख मुलीच्या लग्नात किंवा दुसऱ्या जागेत गेले, आणि मुदत संपली, तर मालक देणार कुठून? नवा भाडेकरू येऊन त्याचे डिपॉझिट मिळेपर्यंत जुना जागा सोडत नाही. मालक वारला तर हे देणे आधी फेडून मगच वारसांचे वाटे पडतात. ज्याच्याकडे रक्कम परत करण्याची सोय तयार नाही, त्याने ती घेऊच नये. लहान अनामतही वेगळ्या खात्यात ठेवावी आणि तिला हात लावू नये.

अनामत नेहमी बँकेमार्फत घ्यावी. २०,००० रुपये किंवा त्याहून मोठे कर्ज किंवा ठेव रोखीने घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि तेवढ्याच रकमेचा दंड लागू शकतो.

आयकर आणि जीएसटी

भाड्याच्या उत्पन्नावर आयकर मोजताना आलेल्या भाड्यातून मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा होतो. उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्तीवर आपण एक रुपया खर्च केला असो की लाख, वजावट ३० टक्केच. वरच्या उदाहरणात १,९८,००० मधून १६,००० गेले, उरले १,८२,०००. त्याचे ३० टक्के ५४,६००. कर लागणारी रक्कम १,२७,४००. मालक २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकर धरून सुमारे २६,५०० रुपये कर होतो, आणि आपले १,४७,००० उरतात १,२०,५००. म्हणजे २.८ टक्के. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करपद्धतीत एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असलेल्या रहिवासी व्यक्तीला नेहमीच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. लहान मालकांना हा दिलासा आहे, पण विवरणपत्र भरण्याचे टाळू नये.

मालमत्ता कर थकवला तर त्याची वजावट त्या वर्षी मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ज्या वर्षी भरला त्याच वर्षी मिळते.

जीएसटीबाबत एक बारकावा आपल्या व्यापाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतो. केवळ माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण तोच व्यापारी गाळाही भाड्याने देत असेल, तर भाडे ही सेवा झाली. तो केवळ माल विकणारा राहिला नाही, आणि मर्यादा २० लाखांवर येते. ही मर्यादा धंद्याची विक्री आणि भाडे मिळून मोजतात. वर्षाला ३० लाखांचे कापड विकणारा आणि दोन लाख भाडे घेणारा दुकानदार याच कारणाने अडचणीत येतो.

धंद्याच्या जागेच्या भाड्यावर जीएसटी १८ टक्के आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून, मालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर हा कर भाडेकरूनेच सरकारात भरायचा आहे. १६ जानेवारी २०२५ पासून कंपोझिशन योजनेतील भाडेकरूंना यातून वगळले आहे. भाडे ठरवतानाच याचा उलगडा करून घ्यावा, नाहीतर पुढे तंटा होतो.

दुरुस्ती टाळू नये

भाडे पुरेसे नसले की पहिली कात्री दुरुस्तीला लागते. मुंबईत गोठलेल्या भाड्यांमुळे मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली, त्याचे परिणाम आपण पाहिले आहेत. भेंडी बाजारातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळली. भिवंडीतील जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे कोसळून ३५ हून अधिक माणसे दगावली. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी मान्यताप्राप्त स्ट्रक्चरल इंजिनियरकडून करून घेणे महापालिका हद्दीत कायद्याने बंधनकारक आहे. जुनी जागा घेताना हा अहवाल आधी मागावा. आणि राहत्या इमारतीत जड मशिनी बसवू देऊ नयेत. जादा भाड्याच्या चार रुपयांसाठी कोणाचा जीव धोक्यात घालण्याचा हक्क मालकाला नाही.

जकात आणि वारस

भाड्यासाठी ठेवलेल्या गाळ्याच्या किमतीवर जकात नाही, असे बहुसंख्य उलमा सांगतात. भाड्यातून जी रक्कम हाती शिल्लक राहते ती इतर रोख रक्कम व मालाबरोबर मोजावी, आणि निसाब पूर्ण होऊन वर्ष झाले की अडीच टक्के काढावेत. पण गाळा विकून नफा कमावण्याच्या नियतने घेतला असेल तर तो व्यापाराचा माल होतो, आणि बाजारभावावर जकात येते. आपली नियत काय आहे हे खरेदीच्या दिवशीच वहीत लिहून ठेवावे.

वडील वारल्यानंतर मोठा भाऊ भाडे गोळा करतो आणि बहिणींना त्यातले काहीच मिळत नाही, हे चित्र आपल्या समाजात नवे नाही. वडिलांचे देणे आणि वसीयत भागल्यावर जागेत बहिणींचा वाटा आहे. आणि वाटा जागेत आहे तर तो भाड्यातही आहे, वडील गेले त्या दिवसापासून. सर्व वारसांची नावे कागदोपत्री लावावीत, पुढचा करार सर्वांच्या सहीने करावा आणि भाडे वाट्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या खात्यात जावे. प्रत्येकाचा आयकरही त्याच्या वाट्यावरच मोजला जातो, त्यामुळे यात कोणाचे नुकसान नाही.

थोडक्यात

१. दलालाच्या टक्क्यांवर जाऊ नका. रिकामा महिना, कर, देखभाल, दुरुस्ती वजा करून उरते ते उत्पन्न.
२. धंद्याचे फिरते भांडवल जागेत अडकवू नका.
३. नोंदणीकृत करारावाचून किल्ली देऊ नका, मग समोरचा मेहुणा का असेना.
४. अनामत बँकेमार्फत घ्या आणि परत देण्यासाठी वेगळी ठेवा.
५. गाळा भाड्याने देत असाल तर जीएसटीची मर्यादा हिशेबनिसाकडून तपासून घ्या.
६. बहिणींचा वाटा भाड्यातून दर महिन्याला द्या.

ज्यांच्या जागा आज भाड्याने आहेत त्यांनी या आठवड्यात एकच काम करावे. मागच्या बारा महिन्यांची वही उघडावी, भाडे एका रकान्यात आणि खर्च दुसऱ्या रकान्यात लिहावा, आणि खाली बाकी काढावी. जी बाकी निघेल तीच त्या जागेची खरी कमाई आहे, आणि पुढचा गाळा घ्यायचा की तोच पैसा मागावर लावायचा हे त्याच आकड्यावरून ठरवावे.